विहिरीकडचा फिल्डर

१

तामलवाडीची शेवटची विकेट पडली आणि नळदुर्गची पोरं आरडाओरडा करत लिंबाच्या सावलीकडं पळाली. फिल्डिंगला अकरा गेले होते. आले दहा.

ध्यानात यायला वेळ लागला. मे महिन्याचं ऊन असं, की काळ्या रानाच्या भेगांतून आच निघत होती आणि मैदानापलीकडचं सगळं, बांध, बाभळी, लांबचा किल्ल्याचा बुरूज, उकळत्या पाण्यात धरल्यासारखं हलत होतं. ही दरवर्षीची मैत्रीची मॅच. कप नाही, भाषणं नाहीत. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना हायवेच्या ढाब्यावर जेवू घालायचं, एवढंच. असल्या उन्हात का खेळता म्हणून विचारलं तर कुणाकडं उत्तर नाही. आपल्याकडं बऱ्याच गोष्टींना नसतं.

तेवढ्यात राजशेखरचा टेम्पो रस्त्यावरून आत वळला. मागं गार पाण्याचे जार. राजशेखर म्हणजे गावातल्या पाणी प्लांटचा मालक, क्लबच्या टी-शर्टवर छातीला ज्याचं नाव छापलंय तो. सकाळचा एकुलता एक जार मघाच कोरडा झाला होता. पोरं टेम्पोवर तुटून पडली.

"ए, वीरप्पाला ठेवा रे!" कॅप्टन अमरनाथ ओरडला. "अख्खी इनिंग उन्हात उभा हाय तो."

सगळ्यांनी विहिरीकडच्या कोपऱ्याकडं बघितलं. डोक्याला अन् तोंडाला पांढरी दस्ती गुंडाळलेला जो माणूस मघापर्यंत तिथं उभा होता, तो तिथं नव्हता. नुसती झळ हलत होती.

हाका मारून झाल्या. मग चौघं चालत गेले. जुन्या दगडी विहिरीच्या काठावर वीरप्पाचा टी-शर्ट पडला होता, घामानं चिंब. आत डोकावले, तर खोल तळाच्या दगडांवर, अर्धा हिरव्या पाण्यात, वीरप्पा. अंगात बनियन. डोकं मागून फुटलेलं.

दोर लावून, बाज सोडून त्याला वर काढला. डाव्या दंडाला लाल कापडात लिंग बांधलेलं तसंच होतं. लिंगायत माणूस ते जितेपणी अंगावेगळं करत नाही. वीरप्पा खेळताना गळ्यातलं काढून दंडाला बांधायचा, म्हणजे पळताना लोंबकळायला नको.

"टी-शर्ट भिजवायला वाकला असंल," कुणीतरी म्हणालं. "घेरी आली असंल उन्हानं."

राजशेखर ढसाढसा रडत होता. वीरप्पा त्याच्याच प्लांटवर जारचा टेम्पो चालवायचा. रडून रडून त्याच्या डोळ्यांभोवती लालेलाल झालं होतं. गोरा माणूस, लगेच दिसतं. नाक पुसत तो म्हणाला,

"घेरी कशाची? तामलवाडीचा सैफ आऊट झाल्यावर हिकडंच आलता ना? एकटाच?"

सगळी डोकी एकदम वळली. सैफ बॅट काखेत धरून उभा होता. त्याच्या तोंडातनं शब्द फुटला नाही, आणि जमावाला तेवढं पुरलं.

२

क्लबची एक पत्र्याची खोली आहे. स्टंपा, मॅट, फुटकी पॅडं ठेवायची. सैफला तिच्यात कोंडला आणि बाहेरून कडी घातली. पोलिसांना फोन गेला. ठाण्यातली बरीच माणसं येरमाळ्याला देवीच्या बंदोबस्तावर गेलेली. तिथून जीप निघाली म्हणून कळलं, पण रस्ता मोठा. तोवर खोलीभोवती माणसं वाढत चालली. मॅच बघायला कुत्रं नव्हतं. मेलेला माणूस आणि कोंडलेला मुसलमान म्हटल्यावर अर्धं गाव चपला फटफटवत आलं. हे लिहायला कुणी कचरत असेल तर कचरो. आलं ते आलं.

पोलीस येईस्तोवर मढं विहिरीपाशीच ठेवायचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "उन्हात नासंल, घरी न्या, सांजच्या आत माती करू," असं राजशेखर म्हणाला आणि मढं घरी गेलं.

सैफची आई शरिफाबी तामलवाडीहून आली ती थेट वकीलबाईंना घेऊनच. शिवकांता वकीलबाई तुळजापूरच्या कोर्टात वकिली करतात. पन्नाशी उलटलेली, अंगानं आडवी बाई, स्कूटीवरून उतरली की आधी पदर खोचणार आणि मग बोलणार. फौजदारी खटल्यात साक्षीदाराला इतक्या प्रेमानं विचारतात, की त्याला घरी जाऊन कळतं आपण काय बोलून बसलो.

"बाई, माझ्या पोराला हे लोक पोलीस यायच्या आधीच मारतेत बघा," शरिफाबी म्हणाली. "मला लांबनं बघूबी देईनात."

वकीलबाईंनी गर्दी हातानं बाजूला केली, पत्र्याच्या खोलीच्या खिडकीच्या गजाला तोंड लावलं. आतून भट्टीसारखा वारा आला.

"सैफ, विहिरीकडं गेलतास?"

"गेलतो."

"कशाला?"

"वीरप्पाशी बोलायला. मागच्या वर्षी रनआऊटवरनं आमची जुंपली हुती. मग फोनवर मिटलं सगळं. परवाच त्यानं फोन केल्ता. म्हणला, मॅच झाल्यावर मला दोन्ही गावांपुढं एक गोष्ट सांगायचीय, तू माझ्या बाजूला उभा ऱ्हा. म्हणून म्या आऊट झाल्यावर गेलो विचारायला, की काय गोष्ट हाय बाबा."

"मग?"

सैफनं बाहीनं तोंड पुसलं. घामानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

"म्या हाक मारली. त्यानं पाठ फिरवली. म्या जवळ गेलो तसा तो बांधाकडनं तेवढाच लांब सरकला. परत गेलो, परत सरकला. बोलंना, बघंना. वकीलबाई, मला भ्या वाटलं. भर दुपारी, एवढी माणसं असताना भ्या वाटलं. म्या मागं फिरलो."

"रुसला असंल."

"रुसलेला माणूस शिव्या देतो." सैफनं गज दोन्ही हातांनी धरले आणि तापलेल्या लोखंडावरून लगेच सोडले. "अल्ला कसम सांगतो, हे भाईर बोललो तर येडा म्हणतील. तो वीरप्पा नव्हता."

३

अमरनाथ लिंबाखाली डोकं धरून बसला होता. तीस-बत्तीसचा, शाळेत खेळाचा मास्तर. वकीलबाई त्याच्या शेजारी दगडावर बसल्या. राजशेखर जरा लांब टेम्पोला टेकून उभा होता, पांढऱ्या फुलशर्टाची बटणं मनगटापर्यंत लावलेली, भोवती त्याची माणसं.

"अमरनाथ, वीरप्पा सकाळी तुझ्याशी काय बोलला?"

"काहीच न्हाय. बोललाच न्हाय, बाई. आमी मैदानात उतरलो तवा तो आधीच तिथं उभा हुता."

"आधीच?"

"व्हय. टॉस झाला, टीम गोळा करत हुतो, बघतो तर हा विहिरीकडच्या कोपऱ्यात. टी-शर्ट घातलेला, दस्ती गुंडाळलेली. म्या हात केला, त्यानं हात केला. म्हणलं ऱ्हाऊ दे, कालचा राग असंल."

"काल कशाचा राग?"

अमरनाथनं पायाखालचं ढेकूळ फोडलं. "मॅच झाल्यावर तो कायतरी बोलणार हुता. म्या म्हणलं, मैत्रीच्या मॅचमधी राजकारण नको. लई वाजलं आमचं."

"काय बोलणार होता?"

"ते... मला न्हाय माहीत." डोळे खाली.

वकीलबाईंनी ते खोटं पकडलं आणि खिशात ठेवून दिलं. कधी काढायचं ते त्यांना कळतं.

"बरं. इनिंगभर तो काय करत होता?"

"उभा. कुठल्याबी टोकाकडनं ओव्हर असू दे, कोपरा सोडला न्हाय. एकदाच त्याच्याकडं चेंडू गेला. तोबी फेकला न्हाय, घरंगळत दिला. वीरप्पाचा थ्रो बघितला असता तुमी, तिथनं सरळ कीपरच्या हातात यायचा. म्हणलं याला ऊन लागलंय. वाकतानाच कसंतरी वाकला. एक हात असा छातीला धरून. दुखत असल्यासारखा."

"पाणी प्यायला आला?"

"न्हाय ना. मधी पाणी झालं तवा सगळे आले. एकजण त्याच्यासाठी ग्लास घेऊन निघाला, तर त्यानं लांबनंच हातानं नको म्हणलं. एवढ्या उन्हात." अमरनाथनं आवाज खाली आणला. "बाई, म्हातारी माणसं काय म्हणायलीत माहिताय? त्या कोपऱ्यात बाराच्या उन्हाला कायतरी उभं असतंय. सावली न पडणारं. आज त्यानं वीरप्पाचं रूप घेतलं म्हणायलीत."

"आणि त्या रूपाला सैफनं विहिरीत ढकललं, असंच का?"

अमरनाथनं पत्र्याच्या खोलीकडं बघितलं.

"एक काहीतरी ठरवा," वकीलबाई म्हणाल्या. "भूत असेल तर पोराला सोडा. पोरगा असेल तर भूत सोडा. दोन्ही एकदम चालणार न्हाय."

हेच तर आपलं दुखणं. माणसाला दोन्ही हवी असतात. भुतानं भीती भागते, सैफनं राग.

वकीलबाई उठून विहिरीवर गेल्या. काठावर वाकून बघितलं. तळाशी हिरवं, कुबट पाणी, कडेला तरंगणारी घाण. त्यातून एक काळा पाईप वर आला होता आणि बांधाखालून, मातीत पुरलेला, रस्त्याच्या अंगाला गेला होता. शेतात पीक नाही, बाग नाही. मग पाईप कुणाचा?

त्या वळणार तोच वीरप्पाच्या भावकीतला एक माणूस पळत आला. तोंड पांढरं पडलेलं.

"वकीलबाई, घरी चला. लवकर. वीरप्पा..."

"काय झालं?"

"वीरप्पा बसंना."

४

लिंगायतात मेलेल्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, ध्यानाला बसल्यासारखं बसवतात, तसंच पुरतात. घरोघरी हे माहीत असतं. श्वास गेला की बायका रडायला लागायच्या आधी जाणती माणसं पाय दुमडून घेतात, भिंतीला टेकवून बसवतात. उशीर चालत नाही.

वीरप्पाच्या घरात भिंतीशी पाट मांडला होता, विभूती काढून ठेवली होती. आणि वीरप्पा फळीसारखा सरळ होता. चौघं घाम गाळत होते. गुडघे वळत नव्हते. कमरेत वाकवला तर टाचा वर उचलल्या जायच्या. एकदा भिंतीला लावला तर उभाच राहिला क्षणभर, डोळे अर्धे उघडे, आणि धरणाऱ्यांनी हातच सोडले. दाराशी बायकांनी किंकाळी फोडली.

"तो अजून मैदानातच उभा हाय," एक म्हातारा पुटपुटला. "बसायचा न्हाय तो."

आई गौराबाई कोपऱ्यात होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते कधीच संपलं होतं. "मला सांगा, वकीलबाई," ती म्हणाली. "माझा मालक गेला तवा दोन गल्ल्यांतली माणसं गोळा हुईस्तोवर थांबलो, तरी तान्ह्या पोरासारखं अंग मऊ हुतं, सुखानं बसला. ह्याला तर म्हणतेत दुपारी मेला. आत्ताच्या आत्ता ह्यो असा लाकूड कसा झाला?"

खोलीत सगळे एकदम थांबले. ऐकलं सगळ्यांनी होतं. कळलं एकट्या वकीलबाईंना.

"ह्याला सोडा," त्या म्हणाल्या. "बसवू नका. आडवाच ठेवा, झाकून ठेवा, पोलीस बघतील. गौराबाई, सकाळी हा घरातून कधी गेला?"

"उजाडताना. चहाबी पिला न्हाय. म्हणला मैदानावर जाऊन येतो, काम हाय, मालकबी येणार हायेत तिथं."

"मालक म्हणजे?"

"राजशेखर."

"आणि मॅचनंतर तो काय सांगणार होता?"

गौराबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "माझी नात काविळीनं गेली, वकीलबाई. लेकीची लेक. पोरीला जारचं पाणी आवडायचं, गार असतंय म्हणून. वीरप्पानंच आणून द्यायचं. मग तिच्यामागं गल्लीत आणखी पोरं आजारी पडली. त्या दिवसापास्नं ह्यानं घरात जार येऊ दिला न्हाय. म्हणायचा, आई, प्लांटवरची पाणी गाळायची मशीन कवाच बंद हाय. म्या सोताच्या डोळ्यानं बघतो ते पाणी कुठनं येतं. दोन्ही गावांपुढं सांगतो म्हणला."

काळा पाईप. वकीलबाईंना आता तो कुठं जातो ते बघायची गरज नव्हती.

त्या निघाल्या. दाराशी चप्पल घालायला वाकल्या, आणि वाकल्या तशाच थांबल्या. त्यांचा डावा हात छातीवर होता. लुगड्याच्या आत गळ्यातलं लिंग पुढं झुकू नये म्हणून आपसूक गेलेला. लहानपणापासून रोज शंभरदा जातो, कधी ध्यानातही येत नाही.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

५

मैदानावर गर्दी आणखी माजली होती. कुणीतरी खोलीच्या पत्र्यावर दगड मारत होतं. शरिफाबी दाराला पाठ लावून उभी होती. वकीलबाईंनी स्टंपांजवळ पडलेला चेंडू उचलला आणि सरळ राजशेखरच्या टेम्पोकडं चालत गेल्या. मागोमाग अमरनाथ, मागोमाग गर्दी. तमाशा कुठं होणार हे गर्दीला बरोबर कळतं.

"राजशेखरअण्णा, तुम्ही मालक माणूस. तुमच्यापुढं चार गोष्टी बोलते, चुकलं तर सांगा."

"बोला की."

"वीरप्पा दुपारी मेला नाही. पहाटे मेला. तुमच्याआमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे, मेलेला माणूस लगेच बसतो. उशीर झाला की बसत नाही. वीरप्पा बसत नाहीये. सैफ आणि त्याची टीम तामलवाडीच्या टेम्पोतून टॉसच्या तोंडावर उतरली, सगळ्यांदेखत. तोवर वीरप्पा विहिरीत होता."

"अन् इनिंगभर कोण उभं हुतं मग? भूत?" मागून कुणीतरी ओरडलं. हसू आलं नाही कुणाला.

"तेच बघायचंय." बोलता बोलता वकीलबाईंच्या हातातून चेंडू सुटला. राजशेखरच्या पायाशी घरंगळला. "द्या हो तेवढा."

राजशेखर वाकला. उजवा हात चेंडूकडं गेला, डावा छातीवर. शर्टाच्या आत चांदीच्या डबीतलं वजनदार लिंग, ते त्यानं धरलं.

अमरनाथच्या तोंडातून आवाज निघाला. "असंच. बाई, अगदी असंच वाकला तो."

"काय असंच?" राजशेखर ताठ झाला. "अरे, गळ्यात लिंग असणारा प्रत्येकजण असाच वाकतो! ह्यांनाबी विचारा!"

"खरं आहे," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "मीसुद्धा. म्हणून एवढ्यावरनं मी कुणाला धरणार नाही. पण सैफ असा वाकणार नाही. आणि वीरप्पासुद्धा वाकणार नाही, कारण त्याचं लिंग दंडाला बांधलेलं होतं. म्हणजे उभा होता तो आपल्यातलाच एक. जिवंत. तहान लागूनही पाणी न पिणारा, कारण प्यायला दस्ती सोडावी लागते. चेंडू न फेकणारा, कारण त्याला वीरप्पासारखा फेकता येत नाही."

ऊन तसंच होतं, पण माणसं अंग चोरून जवळजवळ सरकली. भूत असतं तर बरं होतं, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं.

"अमरनाथ, सैफ विहिरीकडं गेला हे पहिल्यांदा कोण बोललं?"

अमरनाथनं आठवलं. आठवता आठवता त्याचा चेहरा बदलला. "अण्णा. अण्णाच बोलले."

"अण्णा जार घेऊन कधी आले?"

"इनिंग संपल्यावर."

"आणि सैफ गेला होता इनिंग चालू असताना. अण्णा, तुम्ही तर प्लांटवर होता. कुठून बघितलंत?"

"कुणीतरी सांगितलं मला... पोरांनी..."

"कुणी सांगितलं रे?" वकीलबाईंनी गर्दीकडं बघितलं. कुणी हललं नाही. कुणी सांगितलंच नव्हतं.

"सकाळपासून कुठं होता, अण्णा?"

"प्लांटवर! शटर ओढून, कूलरपुढं! टेम्पोत बसून आलो, टेम्पोतनं उतरलो!"

"मग तोंड कशानं भाजलं?"

"रडलो म्हणून..."

"रडल्यावर डोळे लाल होतात. नाक होतं. तुमच्या भुवया लाल आहेत, कानशिलापर्यंत सरळ पट्टा आहे, आणि नाकाच्या मधोमध सुरीनं कापल्यासारखा थांबलाय. खाली गाल दुधासारखे." वकीलबाईंनी शेजारच्याच्या खांद्यावरची पांढरी दस्ती ओढून घेतली आणि पुढं केली. "गुंडाळा. जेवढं उघडं राहील तेवढंच भाजलेलं नसेल तर मी तुमची भर गावात माफी मागते."

राजशेखरनं दस्तीकडं बघितलं. घेतली नाही.

"बरं, ते नको. बाह्या वर करा. असल्या उन्हात मनगटापर्यंत बटणं लावून का उभे आहात? वीरप्पाचा टी-शर्ट हाफ बाह्यांचा होता."

कुणीतरी पुढं झालं. कुणाला सांगावं लागलं नाही. मनगटाचं बटण तुटून मातीत पडलं, आणि बाही वर गेली. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत हात टमाट्यासारखा लाल. तिथून वर पांढराशुभ्र. रेघ मारल्यासारखा.

राजशेखर बाही परत खाली ओढायला लागला.

"ढकलायचं न्हवतं मला," राजशेखर म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "विहिरीवरची मोटार बंद करायला निघालता तो. वायर हातात धरलीती. म्या म्हणलं, दम धर, पावसाळ्यात नवी मशीन आणतो. ऐकंना. म्हणला, आजच सांगतो. झटापटीत पाय गेला त्याचा. खाली दगडावर... हाक मारली मी. दोनदा हाक मारली. टी-शर्ट वरच काढून ठेवलता त्यानं, मोटारीचं काम म्हणून. रस्त्यावर माझा टेम्पो लोकांनी बघितला असंल पहाटे. म्हणून म्हणलं, तो दुपारपर्यंत जिता दिसला पायजे. शेवटची विकेट पडली तसा टी-शर्ट काठावर टाकला अन् बांधाआडनं टेम्पोकडं पळालो."

"आणि माझा पोरगा?" शरिफाबी लांबून ओरडली. "तो मेलेला दिसला असता तर चाललं असतं व्हय तुला?"

राजशेखरनं तोंड फिरवलं. अमरनाथनं टेम्पोतल्या जारकडं बोट केलं.

"आज आमी पिलो ते पाणी, अण्णा?"

"कालचं हाय," राजशेखर पुटपुटला. "कालचं भरलेलं हाय."

दोघंजण बांधाकडं पळाले आणि ओकले. बाकीचे नुसते उभे राहिले. त्या पाण्याला वास येतो हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. लग्नात, बारशाला, मयतीला, सगळीकडं तेच जार. नाक मुरडायचं आणि प्यायचं, कारण गार असायचं. एका पोरीचा जीव गेला, एका माणसाचा घेतला गेला, तेव्हा कुठं दोघांना ओकारी आली. दोघांनाच.

जीप आली. राजशेखरला घेऊन गेली. टी-शर्टावर छातीला त्याचं नाव घातलेली अकरा नव्हे, दहा पोरं वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती.

६

गर्दी घरी जायला लागली, तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं, की खोलीची कडी अजून लागलेलीच आहे.

शरिफाबीनं ती स्वतः काढली. दार उघडलं. सैफ मॅटच्या गुंडाळीवर बसला होता, पाठ भिंतीला, शर्ट अंगाला चिकटलेला. उठला नाही.

"चल बेटा," ती म्हणाली. "झालं. मिटलं सगळं."

"काय मिटलं?"

दारात दहा-पंधरा माणसं होती. यांनीच आत ढकलला होता, यांनीच पत्र्यावर दगड मारले होते. एकजण म्हणाला, "चुकून झालं, भाऊ. वातावरणच तसं हुतं." दुसरा म्हणाला, "मनावर घेऊ नको, पुढच्या वर्षी खेळू." असं म्हणून झाल्यावर माणूस निघायला मोकळा होतो. ते निघायला लागले.

अमरनाथ राहिला. वकीलबाई त्याच्याकडंच बघत होत्या.

"वीरप्पा काय बोलणार आहे, ते तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "राजशेखरला कसं कळलं?"

"म्या सांगितलं." तो खाली बघत म्हणाला. "काल सांजच्याला. म्हणलं, अण्णा, तो मॅचमधी घाण करायलाय, तुमीच समजावा त्याला. समजावा एवढंच म्हणलतो." त्यानं सैफकडं बघितलं. "आणि आज तुला धरला तवा कडी म्या घातली. माझ्या हातानं."



अमरनाथ वाकून आत गेला. खोली ठेंगणी होती, पत्रा डोक्याला लागत होता. सैफच्या समोर, उघड्या जमिनीवर बसला. बाहेर राहिलेल्यांना म्हणाला, "कडी लावा."

कुणी पुढं झालं नाही. दोघं-तिघं चपला शोधायला लागले. शरिफाबीनं वकीलबाईंकडं बघितलं. वकीलबाईंनी पदर खोचला आणि दुसरीकडं तोंड केलं. माणसाला असं कोंडायचं नसतं, हा कायदा त्यांना पाठ होता. पण आज कुणी तो विचारलाही नव्हता.

शरिफाबीनं दार ओढून घेतलं. कडी घातली नाही.

पत्र्यावर ऊन कडकड वाजत होतं. अमरनाथच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, त्यानं पुसला नाही. मग सैफ मॅटच्या गुंडाळीवर जरा बाजूला झाला.

"हिकडं सरक," तो म्हणाला. "तिथं पत्रा लई तापतो."